सतरंजीवरचा अर्धा तास

मला स्वप्नं पडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी फसवल्याचा आळ घ्यायला नको. डोकं टेकलं की मी मेल्यागत झोपते आणि उठते तेव्हा मागे काहीही उरलेलं नसतं. इगतपुरी स्टेशनात तिकीट खिडकीवर बसणाऱ्या बाईला हे सोयीचंच आहे म्हणा. पण ज्या भिमाबाईंबद्दल मी लिहायला बसले आहे, त्यांचा सगळा कारभार स्वप्नांवर चालतो, आणि मी त्यांच्याकडे पाच वर्षं खोटी स्वप्नं खपवली.

भिमाबाई नाशिकरोडला राहतात, तुरुंगाच्या समोरच्या अंगाला, एका गल्लीत. एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. पडवीवर दोडक्याचा वेल चढवलेला, त्यामुळे आतला उजेड दिवसभर हिरवा असतो. कैद्यांच्या मुलाखतीला येणाऱ्यांना आत पिशवी नेता येत नाही, मोबाइल नेता येत नाही. ते सगळं भिमाबाई सांभाळतात. पिशवीला रंगीत दोऱ्याचा एक तुकडा बांधायचा, त्याच रंगाचा दुसरा तुकडा माणसाच्या मनगटाला. पूर्वी त्या बालवाडीत मदतनीस होत्या. दोऱ्याची ही युक्ती तिथली, आणि मोठ्या माणसांना पोरांसारखं दटावण्याची सवयही तिथलीच.

पण पिशव्या हे निमित्त. बाईंचा खरा जीव मुलींत. मुलाखतीला आलेले मुलगे गल्लीत हुंदडायचे. मुली मात्र आईच्या पदराला धरून, मान खाली घालून उभ्या राहायच्या, जणू गुन्हा त्यांनीच केलाय. त्यांना त्या पदराआडून बाहेर काढणं हे काम बाईंनी आपणहून अंगावर घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा दहा वर्षांची होते. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या आबांनी बांधावरच्या भांडणात त्यांच्या सख्ख्या भावाच्या, माझ्या काकाच्या, डोक्यात फावडं घातलं. काका तिथंच गेला. दोन्ही घरं एकाच अंगणात समोरासमोर. काकाची मुलगी सायली माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. दुसऱ्या दिवसापासून ती दुसऱ्या बाकावर गेली. त्यात तिचं काय चुकलं? काहीच नाही. माझंही काही चुकलं नव्हतं, पण हे मला सांगायला पुढची काही वर्षं कुणी नव्हतं.

घोटीहून पहिली एसटी धरून, नाशिकच्या द्वारका चौकात उतरून, नाशिकरोडची बस पकडून आम्ही मायलेकी पोहोचलो तेव्हा माझे डोळे मिटत होते. आईने पिशवी दिली. भिमाबाईंनी माझ्या मनगटाला पिवळा दोरा बांधला आणि विचारलं, "हिचा नंबर कधी लागणार?"

"अजून तासभर हाय म्हनत्यात," आई म्हणाली.

"मग हिला झोपू दे. आणि तो मुलाखतीचा अर्ज हिच्याकडे दे. उठल्यावर ही भरेल."

"ती लहान हाय बाई."

"बापाचं नाव लिहिता येतं ना? मग झालं."

खोलीत एक लांबरुंद सतरंजी अंथरलेली होती, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची. तिच्यावर चार-पाच मुली आडव्या झालेल्या. कुणी पेठकडची, कुणी येवल्याची. सगळ्या पहाटे उठून आलेल्या. बाईंचा नियम असा, की मुलाखतीआधी अर्धा तास झोपायचं. उठल्यावर त्या एकेकीला विचारायच्या, "काय पाहिलंस?" आणि जे सांगू ते नीट ऐकून घ्यायच्या. अर्थ लावायच्या नाहीत, शुभ-अशुभ काढायच्या नाहीत.

मला त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "आत वीस मिनिटं मिळतात. त्यातली दहा आई रडण्यात घालवणार, पाच वकिलाच्या नावानं जाणार. उरलेल्या पाचात तू काय बोलणार आहेस?"

"माहीत नाही."

"शाळेतलं बोलवत नसेल तर नको बोलूस. गावातलं नको. पण तोंड मिटून काचेसमोर बसायचं नाही. स्वप्न सांग. स्वप्नावर कुणाची केस नसते."

त्या खोलीतला तो अर्धा तास मला अजून तसाच्या तसा आठवतो. हिरवा उजेड, लांबून शंटिंगच्या डब्यांचा धडधडाट, मधेच प्रेसचा भोंगा. नोटा छापतात ती प्रेस जवळच आहे. मुलींचे श्वास हळूहळू एका लयीत यायचे. मालेगावची सुहाना माझ्या शेजारी असायची. ती कुठंही, कशीही झोपायची आणि उठल्यावर डोळे न उघडताच सांगायला लागायची, "लूम चालू होते, पण आवाज नाही. एकदम सुमसाम. आणि कपडा नाही निघत होता, पाणी निघत होतं. निळं निळं. अब्बू पाण्याची घडी घालत होते." मी डोळे मिटून ऐकायची आणि जळायची. मला स्वप्न तर सोडा, तिथं झोपही यायची नाही. ती सतरंजी आतल्या कैद्यांनी विणलेली होती, हे मला कळलं होतं, आणि आबा आत विणकामावरच होते. त्या पट्ट्यांवर गाल टेकवला की मला राग यायचा. कुणाचा, ते नीट सांगता यायचं नाही.

तर माझी पाळी आली, बाईंनी विचारलं, आणि मी ठोकून दिलं, "खाचरात पाणी भरलंय. त्यात आभाळ उतरलंय. आपले बैल त्या आभाळातून चाललेत आणि त्यांच्या पायांना चिखलच लागत नाही."

हेच मी काचेपलीकडच्या आबांना तिथल्या फोनवर सांगितलं. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. "पहाटंचं सपान का गं?" त्यांनी विचारलं. आमच्याकडे पहाटेचं स्वप्न खरं होतं अशी पक्की समजूत. झोपले सकाळी नऊला होते, आणि झोपले तरी कुठे होते? पण मी म्हणाले, "हो, पहाटेचंच. एसटीत पडलं."

झालं. पुढे दर मुलाखतीला आबा आधी तेच विचारायचे. मी घोटी ते द्वारका खिडकीशी बसून स्वप्नं रचायची. आपलं घर धुक्यावर तरंगत धरणापर्यंत गेलं. आंब्याखाली मुंग्यांनी भाताचं पोतं उलगडून रांगोळी काढली. मी नदीच्या तळाशी चालतेय आणि वर कुणीतरी कपडे धुतंय. आबा आत जाऊन ते सगळ्या बराकीला सांगायचे म्हणे.

आणि भिमाबाईंचं दुसरं काम चालूच होतं. अर्ज मुलींनीच भरायचा. खिडकीशी शिपायासमोर मुलीनंच जायचं, आणि "साहेब, आमचा नंबर कितवा?" हे मान वर करून विचारायचं. कोर्टाचा कागद आला की आईला नव्हे, मुलीला वाचायला लावायच्या. अडलेला शब्द स्वतःला माहीत नसला तर सरळ सांगायच्या, "मला नाही येत. वकिलाला विचार. विचारायचा हक्क आहे तुझा." तेराव्या वर्षी मी आबांचा निकाल अख्खा वाचला होता. त्यात काकाच्या जखमांची मापं होती. वाचून मी पडवीत ओकले. बाईंनी पाठीवरून हात फिरवला, चूळ भरायला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आता तुला कुणी काही ऐकवायला आलं, तर नवीन काही नसेल." तेव्हा मला त्या फार निर्दयी वाटल्या. आज वाटत नाहीत.

दहावीच्या वर्षी काकाचं श्राद्ध होतं. समोरच्या घरात सायली वडिलांच्या फोटोला हार घालत होती. फोटोचं तोंड दाराकडे, आमच्या दाराकडे. ती वळली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. नुसतं पाहिलं आणि दार ओढून घेतलं.

त्याच आठवड्यात मुलाखत होती. आबा खुशीत होते, कारण त्यांनी रजेचा अर्ज केला होता. रजा मिळाली की चौदा दिवस घरी. "काय सपान पडलं माझ्या चैतूला?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "तुम्ही सुटून घरी आलात. दार वाजवलंत. आई शेतात होती. मी आतून कडी लावली. तुम्ही अंगणात बसून राहिलात आणि मी आत भाकरी खात होते."

आबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "पहाटंचं?"

"हो," मी म्हणाले. "पहाटेचंच."

"बरं," आबा म्हणाले आणि वेळ शिल्लक असताना त्यांनी फोन खाली ठेवला.

महिन्याभराने आई रडतच काचेपासून उठली. आबांनी रजेचा अर्ज मागे घेतला होता. "बाकीची मानसं रजेपायी जीव टाकत्यात," ती भिमाबाईंना सांगत होती, "आन ह्यो मानूस म्हनतो, मला नाय यायचं. का, तर नाय. कारन बी सांगत नाय."

कारण मला माहीत होतं. ते पोटात घेऊन मला पुन्हा एसटीत बसवेना. आई बाहेर नळावर तोंड धुवायला गेली तेव्हा मी भिमाबाईंना सगळं सांगितलं. स्वप्नं पडतच नाहीत, बैलांपासून मुंग्यांपर्यंत सगळं रचलेलं, आणि ते दाराचं तर मी जागेपणी ठरवून सांगितलेलं. मग घाईघाईने म्हणाले, "पण मी पुढच्या वेळी दुसरं सांगते ना. दार उघडलं असं सांगते. पहाटेचंच म्हणून सांगते."

बाईंनी हातातली पिशवी धाडकन आपटली. "गप बस! एक खोटं झाकायला दुसरं? मी तेच केलं. चार वर्षं तेच केलं."

मग त्यांनी त्यांच्या मुलीचं, संघमित्राचं सांगितलं. त्यांचे मालक तांब्याच्या तारेच्या चोरीत आत गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती. पप्पा कुठे, म्हणून विचारायची. घर तुरुंगाजवळ, भिंत रोज दिसणार. बाईंनी सांगून टाकलं की ती उंच भिंत प्रेसची आहे, पप्पा आत नोटा छापतात आणि नोटा छापणाऱ्यांना घरी सोडत नाहीत. भिंतीवर पहारा, दारात झडती, दोन्हीकडे सारखंच. पोरीला पटलं. ती वर्गात मिरवायला लागली. मग वर्गातल्या एकीने, जिचे वडील खरोखर प्रेसमध्ये होते, सांगितलं, "माझे पप्पा तर रोज संध्याकाळी घरी येतात." संघमित्राने घरी येऊन विचारलं. बाई म्हणाल्या, तुझ्या पप्पांची रात्रपाळी असते. रात्री का दिसत नाहीत, तर दिवसपाळी लागली. असं चार वर्षं.

"मालक सुटून आले," भिमाबाई म्हणाल्या. "दारात आल्या आल्या पोरगी त्यांना बिलगली आणि म्हणाली, पप्पा, तुम्ही छापलेली नोट दाखवा. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पोरीनंही माझ्याकडे पाहिलं. आज ती सोलापूरला नर्स आहे. दर रविवारी फोन करते. बरी आहेस का विचारते. माझ्याशी बोलते सगळं, पण मला सांगत काही नाही."

त्या थोडा वेळ दोऱ्याचा गुंता सोडवत बसल्या. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, की माझंही असंच होईल.

"पुढच्या महिन्यात गळाभेट आहे," बाई म्हणाल्या. वर्षाकाठी कधीतरी तुरुंगात कैद्यांची मुलं आत सोडतात. मधे काच नाही, जाळी नाही. अर्धा तास आई-बापाजवळ बसता येतं. पण सोळा वर्षांच्या आतल्यांनाच. मला सोळा पूर्ण व्हायला तीन महिने होते. "तुझी ही शेवटची. काय बोलायचं ते तेव्हा बोल. पण आधी घरी जा आणि ठरव, दार उघडायचंय का? नसेल उघडायचं तर तसं सांग. तोही तुझा हक्क आहे. फक्त स्वप्नाच्या नावावर सांगू नकोस."

असं मला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. सगळे म्हणायचे, बाप आहे तुझा. नाहीतर म्हणायचे, खुनी आहे तुझा बाप. मला काय हवंय हे विचारणारं माणूस पिशव्या सांभाळत बसलं होतं.

एका रविवारी आई बाजाराला गेली तेव्हा मी खरंच दाराला आतून कडी लावली आणि चुलीपुढे भाकरी घेऊन बसले. म्हटलं, बघू तरी कसं वाटतं. फटीतून उन्हाची एक रेघ आत आली होती, तिच्यात पीठ तरंगत होतं. बाहेर आबा बसलेत असं मनात आणलं. घास तोंडात फिरत राहिला. किती वेळ गेला कोण जाणे. आणि मग खरोखरच दार वाजलं. विचार करायच्या आत मी उठले आणि कडी काढली.

दारात सायली होती. सहा वर्षांनी.

"आमची तांबडी कोंबडी आलीय का इकडं?"

"नाही."

ती निघाली, मग थांबली. "तुझे आबा येनार हायेत का रजेवर?"

"माहीत नाही."

"आले तर मी मामाकडं जाईन," ती म्हणाली. "तेवढं आधी सांग. येकदम समोर नको." आणि कोंबडीला हाका मारत गेली.

गळाभेटीच्या दिवशी मी सतरंजीवर आडवी झाले आणि काय झालं कुणास ठाऊक, झोपले. पाच वर्षांत पहिल्यांदा. सुहाना सांगत होती, बाईंनी तीनदा हलवलं तेव्हा उठले. गालावर पट्ट्यांचे वळ उठले होते.

"काय पाहिलंस?" बाईंनी सवयीने विचारलं.

"काहीच नाही."

"छान. मग आज काही न घेता जा."

आत पटांगणात मांडव होता. लहान मुलं बापांच्या अंगाखांद्यावर चढत होती. आबा खुर्चीच्या कडेला बसले होते. काचेतून मोठे दिसायचे. जवळून एवढेसे झाले होते. त्यांच्या शर्टाला सुताचे तंतू चिकटलेले. आमच्यात पंधरा वर्षांच्या मुलीला बाप मिठी मारत नाही. त्यांनी हात उचलला, माझ्या डोक्यावर ठेवला आणि तसाच ठेवून बसले. त्या हाताने काय केलं होतं ते मी वाचलेलं होतं. तरीही मी डोकं काढून घेतलं नाही.

"आबा, ते दाराचं स्वप्न खोटं होतं," मी म्हणाले. "सगळीच खोटी होती. मला स्वप्नं पडत नाहीत."

आबांचा हात खाली आला. "बैलांचं बी?"

"बैलांचंही."

"आरं द्येवा," आबा म्हणाले. "समद्या बराकीला सांगितलं म्या." आणि ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले. मलाही रडू आवरेना. शेजारची माणसं बघत होती. बघू देत.

मग त्यांनी शर्टाने तोंड पुसलं. "आन ते दाराचं? तेबी आसंच?"

"ते स्वप्न नव्हतं, पण तेव्हा मनात होतं. तुमचा राग आला होता. अजून येतो."

"येनारच की."

"आता तुम्ही या, आबा. दार मी उघडीन. पण कधी येणार ते आधी कळवायचं. सायलीला सांगायचंय. बांधाकडे जायचं नाही. काकूंच्या दारात जायचं नाही, माफी मागायलासुद्धा नाही. त्यांनी बोलावलं तरच."

माझ्या आबांना आयुष्यात कुणी अशा अटी घातल्या नसतील. ते खाली बघून ऐकत होते. शेवटी हळूच म्हणाले, "हे पहाटंचं का?"

"नाही," मी म्हणाले. "हे जागेपणीचं."

आज भिमाबाईंचे गुडघे गेलेत. माझ्या सुट्टीच्या वारी मी त्यांच्याकडे जाते, पिशव्यांना दोरे बांधते आणि मुलींचे अर्ज मुलींकडूनच भरून घेते, दटावून. गेल्या थंडीत संघमित्राताई चार दिवस आल्या होत्या. रात्रीच्या गाडीने आलेल्या, म्हणून सतरंजीवरच लवंडल्या. उठल्यावर बाईंनी विचारलं, "काय पाहिलंस?" मी बाहेर पिशव्या देत होते, त्यामुळे ताईंनी काय सांगितलं ते मला कळलं नाही. पण त्या बराच वेळ सांगत होत्या.

आणि आबा आले. गळाभेटीनंतर चार महिन्यांनी, चौदा दिवसांच्या रजेवर. दुपारच्या एसटीने येईन असं कळवलं होतं. सायली आदल्या दिवशीच मामाकडे गेली होती. मी पहाटे पाण्याला म्हणून दार उघडलं. अंगणात धुकं होतं. आबा पायरीखाली बसले होते, मांडीवर पिशवी, अंगावरची शाल दवाने भिजलेली. अगदी मी सांगितलं होतं तसे, दाराकडे तोंड करून.

"कधीचे बसलात? वाजवायचं नाही का?"

"रातच्या गाडीनं आलो. तू उघडीन म्हनली व्हतीस," आबा म्हणाले. "म्हून वाजवलं नाय."

"अहो आबा," मी म्हणाले, "कडी लावलीच नव्हती."